तळटीप : कॅलिफोर्नियाचे मेडिकल बोर्ड आणि बाहेरची तपासणी

लेखक इथे ‘डायव्हर्जन बंद झाले’ एवढेच म्हणून पुढे जातो. मागची हकीकत मात्र वाचकाला ठाऊक असायला हवी. डॉक्टरांना परवाने देणाऱ्या कॅलिफोर्नियाच्या बोर्डाने दारू किंवा अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्या डॉक्टरांसाठी १९८०च्या सुमारास ‘डायव्हर्जन’ ही योजना आणली. डॉक्टरने नाव नोंदवायचे, लघवीच्या चाचण्या द्यायच्या. देखरेखीखाली त्याची प्रॅक्टिस चालू राहू शके. रुग्णाला यातले काही कळत नसे. राज्याच्या लेखापरीक्षकांनी १९८२, १९८५ आणि १९८६ मध्ये देखरेखीतल्या उणिवा दाखवल्या, तरी योजना चालूच राहिली. २००२च्या कायद्याने बोर्डाबाहेरचा तपासनीस नेमण्याची तरतूद केली. हे काम सॅन डिएगो विद्यापीठातल्या ज्युलियॅन डी’अँजेलो फेलमेथ यांच्याकडे आले. त्यांचा पहिला अहवाल नोव्हेंबर २००४चा. चाचणीचा दिवस डॉक्टरला आधी कळता कामा नये, यावरच या योजनेची सगळी भिस्त होती. प्रत्यक्षात अनेक नमुने यादृच्छिक वेळापत्रकाप्रमाणे घेतले जात नव्हते, हे त्यांनी उघड केले. जून २००७च्या राज्य लेखापरीक्षणातही तेच दिसले. शिवाय चाचणीत दारू किंवा अमली पदार्थ आढळल्यावरही डॉक्टरला ताबडतोब काम थांबवायला लावले जाईच, असे नव्हते. (शस्त्रक्रियेच्या टेबलावर आपले माणूस आहे असे समजून हे वाक्य पुन्हा वाचावे.) पुढच्याच महिन्यात बोर्डाने योजना गुंडाळण्याचा निर्णय घेतला आणि ३० जून २००८ रोजी ती संपली.