भंडाऱ्याची चढण

लोणावळ्याहून पुण्याची लोकल धरा आणि तळेगावला उतरा. चाकणच्या रस्त्याने इंदोरी गाठलीत की भंडारा डोंगर दिसू लागतो. पायवाटेने चढा आणि चढता चढता चारशे वर्षं खाली सोडा.

नुकताच 1630 चा दुष्काळ मावळ होरपळून गेलाय. देहूच्या वाण्याचं, तुकोबांचं, दिवाळं वाजलंय, थोरली बायको अन्नान्न करत गेलीय. जुन्या लेण्यापाशी बसलेला तो हाच. त्याच्याशी बोलायला जाऊ नका. माणसांपासून सुटायलाच तो इथे येतो. मागून भाकरी घेऊन त्याची धाकटी बायको आवली चढतेय, तोंडाने विठ्ठलाचा उद्धार चाललाय. तिच्या पायातला काटा देवाने काढला, असं इथे सांगतात. तुम्ही बाजूला व्हा, तिला आधीच उशीर झालाय.

भामचंद्र आणि घोरावडेश्वर हेही तुकोबांच्या एकांताचे डोंगर. आता भामचंद्राच्या पायथ्याशी या, पण 2008 सालात. गाव शिंदे-वासुली. इथे डाऊ केमिकलचं केंद्र उभं राहतंय. कंपनी म्हणते, फक्त संशोधन होईल. गावकऱ्यांना मात्र 1984 ची भोपाळची वायुगळती आठवते. ती जिच्या कारखान्यात झाली, ती युनियन कार्बाइड डाऊनेच 2001 मध्ये विकत घेतलीय. पाण्यात विष उतरलं तर जाब कुणाला विचारायचा? गाव रस्त्यावर आलंय, कीर्तनकार बंडातात्या कराडकरांसोबत वारकरीही. जुलैत बांधकामाला आग लावली जाते.

त्या आगीचं समर्थन माझ्याच्याने होणार नाही. पण टाळकऱ्यांना विकासाचे वैरी म्हणणंही पटत नाही. त्यांच्या लेखी हे डोंगर तुकोबांच्या गाथेचाच भाग आहेत, आणि गाथेची पानं भाडेपट्ट्याने देत नाहीत. 2010 मध्ये कंपनीने तिथून काढता पाय घेतला.

परत भंडाऱ्यावर या, आजच्या. गाडीरस्ता थेट माथ्यापर्यंत आलाय, तुकोबांचं भव्य दगडी मंदिर उभं राहतंय. भक्ती समजते. तरी कारखाना अडवणाऱ्यांनी आपल्याच गर्दीलाही थोडं अडवावं, असं वाटतं. एकांतासाठी आलेल्या माणसाचा हा डोंगर आहे.

माघ शुद्ध दशमीच्या सोहळ्याला याल तेव्हा गाडी पायथ्याशीच ठेवा. पायी चढा, आणि पाण्याची रिकामी बाटली परत खाली न्या.