बी.एड. झालं म्हणजे शिक्षक झालात का? आधी इयत्ता ठरवा, मग कोर्स

सिन्नरमध्ये पदवीचा निकाल लागला की अनेक घरांत एक सल्ला हमखास मिळतो. "बी.एड. करून ठेव, कुठेतरी लागशीलच." मुसळगाव किंवा माळेगावच्या कंपनीत पाळी करण्यापेक्षा शाळेतली नोकरी बरी, असा त्यामागचा साधा हिशोब असतो.

सल्ला चुकीचा नाही, पण अर्धवट आहे. गावातली जिल्हा परिषदेची शाळा बहुतेक ठिकाणी पहिलीपासून चौथी-पाचवीपर्यंतच असते आणि त्या वर्गांसाठी बी.एड. चालत नाही. दोन वर्षं आणि फीचे पैसे घालवल्यावर हे कळणारे उमेदवार आजही आहेत. म्हणून शिक्षक व्हायचं असेल तर पहिला प्रश्न "कोणतं कॉलेज?" हा नाही. "कितवीला शिकवायचंय?" हा आहे.

शिक्षकाचं 'लायसन्स' असतं का?

अमेरिकेतल्या राज्यांमध्ये शिक्षकाला राज्य सरकारचा परवाना घ्यावा लागतो. आपल्याकडे वकिलाला सनद मिळते, डॉक्टरची नोंदणी होते. शिक्षकासाठी मात्र असं एकच कार्ड नाही. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 23 नुसार किमान पात्रता ठरवण्याचा अधिकार राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेकडे, म्हणजे एनसीटीईकडे आहे. 23 ऑगस्ट 2010 च्या अधिसूचनेने पहिली ते आठवीच्या शिक्षकांसाठी ही पात्रता ठरवून दिली.

प्रत्यक्षात महाराष्ट्रात तीन गोष्टी जमाव्या लागतात. व्यावसायिक पदविका किंवा पदवी, आठवीपर्यंत शिकवायचं असेल तर टीईटी, आणि सरकारी किंवा अनुदानित शाळेत लागायचं असेल तर टेट. यातली कोणतीही एक गोष्ट दुसरीची जागा घेत नाही.

पहिली ते पाचवी: रस्ता बारावीनंतरच सुरू होतो

लहान वर्गांसाठी डी.एल.एड. लागतं. जुन्या पिढीच्या तोंडी अजूनही 'डी.एड.'च आहे. दोन वर्षांची ही पदविका विद्यापीठ देत नाही. प्रवेशाचं काम राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद पाहते आणि परीक्षा पुण्याची राज्य परीक्षा परिषद घेते. बारावी कोणत्याही शाखेची चालते. गुणांची अट खुल्या गटाला 49.5 टक्के, राखीव गटाला 44.5 टक्के. सीईटी नाही, बारावीच्या गुणांवर यादी लागते.

एकेकाळी डी.एड.ला नंबर लागणं ही गावात सांगायची गोष्ट होती. मग 2012 मध्ये सरकारने शिक्षक भरतीवर निर्बंध आणले, वर्षानुवर्षं भरती झाली नाही, जागा रिकाम्या राहू लागल्या आणि कितीतरी अध्यापक विद्यालयं बंद पडली. त्यातूनच "डी.एड. संपलं, आता बी.एड.च" हा समज पक्का झाला.

त्या समजाला 2018 मध्ये बळही मिळालं. एनसीटीईने 28 जून 2018 च्या अधिसूचनेने बी.एड. झालेल्यांना पहिली ते पाचवीसाठी पात्र ठरवलं. अट एवढीच, की नेमणुकीनंतर दोन वर्षांत सहा महिन्यांचा जोड अभ्यासक्रम पूर्ण करायचा. राजस्थान उच्च न्यायालयाने ही अधिसूचना रद्द केली आणि 11 ऑगस्ट 2023 ला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. सहा-सात वर्षांच्या मुलाला अक्षरओळख करून देणं हे वेगळं कौशल्य आहे, बी.एड.चा अभ्यासक्रम त्यासाठी बनलेलाच नाही, असा त्या निकालाचा गाभा. पुढे 8 एप्रिल 2024 ला न्यायालयाने स्पष्ट केलं की हा निकाल पुढच्या भरतीसाठी आहे. त्याआधी नियमानुसार नेमले गेलेल्यांच्या नोकऱ्या त्यामुळे जाणार नाहीत. नव्या उमेदवाराला मात्र यातून वाट नाही.

सहावी ते दहावी: इथे बी.एड. चालतं

सिन्नरमध्ये मविप्र संस्थेचं कला, वाणिज्य व विज्ञान महाविद्यालय आहे, त्यामुळे पदवी गावातच होते. बी.एड.साठी बरेच जण तीसेक किलोमीटरवरच्या नाशिकची वाट धरतात. नाशिकची बी.एड. महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. प्रवेशासाठी पदवीला किंवा पदव्युत्तरला 50 टक्के गुण लागतात, राखीव गटाला त्यात सवलत आहे. इंजिनिअरिंगवाल्यांनाही दार उघडं आहे, पण 55 टक्क्यांची अट आहे.

2015 पासून हा अभ्यासक्रम दोन वर्षांचा झाला. "एक वर्षात बी.एड." असं कुणी आज सांगत असेल तर ते काकांच्या काळातलं बी.एड. आहे.

प्रवेश सीईटीतून होतो आणि घोळ बहुधा इथेच होतो. राज्य सीईटी कक्षाची ही परीक्षा गेली काही वर्षं मार्च-एप्रिलमध्ये होते, अर्ज त्याच्या कितीतरी आधी भरावे लागतात. पदवीच्या निकालानंतर जून-जुलैमध्ये जाग आली तर ते वर्ष गेलं. शेवटच्या वर्षाला असतानाच अर्ज करता येतो, तेव्हाच करायचा. परीक्षा 100 गुणांची, वेळ 90 मिनिटं. 40 प्रश्न बौद्धिक क्षमतेवर, 30 सामान्य ज्ञानावर, 30 शिक्षक अभियोग्यतेवर. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत, त्यामुळे प्रश्न कोरा सोडण्यात काहीच शहाणपण नाही.

यानंतर अध्यापन पद्धती निवडायची असते. ती पदवीच्या विषयाला धरून मिळते. बी.एस्सी.ला गणित-विज्ञान, बी.ए.ला भाषा किंवा इतिहास-भूगोल. बी.कॉम.वाल्यांनी इथे सगळ्यात सावध राहावं. वाणिज्य मुख्यतः अकरावी-बारावीला असतं आणि तिथे शिकवायला एम.कॉम. आणि बी.एड. दोन्ही लागतं. नुसत्या बी.कॉम.-बी.एड.ला माध्यमिक शाळेत जागा फार थोड्या. हे प्रवेशाच्या दिवशी कुणी आपणहून सांगत नाही.

"हजर राहायची गरज नाही, परीक्षेपुरतं या" असं सांगणारं कॉलेज भेटलं तर? एनसीटीईच्या 2014 च्या नियमांनुसार तासांना किमान 80 टक्के आणि आंतरवासितेला 90 टक्के हजेरी लागते. आंतरवासिता म्हणजे खऱ्या शाळेत जाऊन शिकवणं, दोन वर्षांत मिळून 20 आठवडे. पाठ टाचण काढायचं, मागच्या बाकावर मार्गदर्शक बसलेले असताना पाठ घ्यायचा, मग शेरे ऐकायचे. छात्राध्यापकांना सगळ्यात जास्त घाम इथेच फुटतो आणि वर्ग सांभाळायलाही ते इथेच शिकतात. शिवाय संस्थेची मान्यता काढून घेतली गेली असेल तर हातातल्या प्रमाणपत्राला किंमत उरत नाही. मान्यता एनसीटीईच्या संकेतस्थळावर तपासता येते.

मुक्त विद्यापीठातून घरबसल्या बी.एड. होतं?

नाशिकमध्येच यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ असल्याने हा प्रश्न इकडे जरा जास्तच विचारला जातो. उत्तर आहे, सगळ्यांसाठी नाही. दूरस्थ पद्धतीचं बी.एड. दोन प्रकारच्या लोकांसाठी आहे. प्राथमिक शाळेत काम करत असलेले प्रशिक्षित शिक्षक, किंवा डी.एल.एड.सारखा मान्यताप्राप्त अभ्यासक्रम आधी वर्गात बसून पूर्ण केलेले. नुसती पदवी हातात असलेल्या नवख्या उमेदवाराला हा मार्ग नाही.

बारावीनंतर थेट चार वर्षांत पदवी आणि बी.एड. एकत्र देणारा एकात्मिक अभ्यासक्रमही 2023-24 पासून देशातल्या निवडक संस्थांमध्ये सुरू झाला आहे. नवीन राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा कल तिकडेच आहे, पण जागा अजून कमी आहेत.

टीईटी आणि टेट: नावं सारखी, परीक्षा वेगळ्या

बोलताना दोन्ही 'टेट'च ऐकू येतात आणि गोंधळ उडतो. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. पेपर एक पहिली ते पाचवीसाठी, पेपर दोन सहावी ते आठवीसाठी. प्रत्येकी 150 प्रश्न, 150 गुण, अडीच तास. पास व्हायला 60 टक्के लागतात, राखीव गटाला 55 टक्के. एकदा पास झालात की प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, आधीची सात वर्षांची मुदत 2021 मध्ये काढून टाकली गेली.

राज्यात ही परीक्षा पहिल्यांदा 2013 मध्ये झाली, पण तिचा भरवसा कधीच नव्हता. नोव्हेंबर 2021 नंतर थेट नोव्हेंबर 2024 मध्ये ती झाली. मधल्या काळात 2019-20 च्या परीक्षेतला गैरव्यवहार उघड झाला, परीक्षा परिषदेचे तत्कालीन आयुक्त अटकेत गेले आणि 7,800 हून अधिक उमेदवारांवर कारवाई झाली. त्यामुळे अनेक जण सीबीएसईच्या सीटीईटीचाही अर्ज भरून ठेवतात. ती राज्यातही चालते, आणि ओझर, देवळालीसारख्या ठिकाणच्या केंद्रीय विद्यालयांत प्राथमिक किंवा पदवीधर शिक्षक व्हायचं तर तीच लागते.

नववी-दहावीला टीईटीची अट नाही, कारण शिक्षण हक्क कायदा आठवीपर्यंतच आहे.

दुसरी 'टेट' म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. तिच्यात पास-नापास नसतं. 200 प्रश्न, 120 मिनिटं, आणि जो गुण पडेल त्यावर भरतीतला क्रमांक ठरतो. इथे अडचण अभ्यासाची कमी आणि वाट पाहण्याची जास्त आहे. पहिली टेट डिसेंबर 2017 मध्ये झाली, दुसरी 2023 च्या सुरुवातीला, तिसरी मे-जून 2025 मध्ये. म्हणजे साडेसात वर्षांत तीन. खुल्या गटाला वयोमर्यादा 38 आणि मागास प्रवर्गाला 43 आहे. एक परीक्षा हुकली तर किती वर्षं जाऊ शकतात, याचा हिशोब ज्याचा त्याने करावा.

नोकरीत असलेल्यांनाही आता टीईटी

1 सप्टेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाने दिलेल्या निकालाने शिक्षकांच्या खोलीतलं वातावरणच बदलून टाकलं. अंजुमन इशाअत-ए-तालीम ट्रस्ट विरुद्ध महाराष्ट्र सरकार, असं हे प्रकरण. निवृत्तीला पाच वर्षांहून जास्त काळ उरलेल्या, पहिली ते आठवीच्या सर्व शिक्षकांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हावं, नाहीतर नोकरी सोडावी लागेल, असं न्यायालयाने सांगितलं. पाच वर्षांहून कमी सेवा उरलेल्यांना नोकरीत राहता येईल, पण टीईटीशिवाय बढती नाही. अल्पसंख्याक संस्थांचा प्रश्न मोठ्या पीठाकडे पाठवण्यात आला.

कायदा येण्याआधी नोकरीला लागलेल्या, वीस वर्षं फळ्यासमोर उभ्या असलेल्या गुरुजींना त्यामुळे पुन्हा परीक्षेचा फॉर्म भरायची वेळ आली. शिक्षक संघटनांचा याला विरोध आहे आणि त्यांचा राग समजण्यासारखा आहे. नियम सरकारचेच होते, त्यांनी ते पाळूनच नोकरी मिळवली होती.

'पवित्र'वर नाव आलं, पुढे काय?

टेटचे गुण आल्यावर उमेदवार पवित्र पोर्टलवर स्वप्रमाणपत्र भरतो आणि पसंतीक्रम देतो. स्वप्रमाणपत्रातली चूक पुढे कागदपत्रं तपासताना अंगाशी येते, म्हणून टक्केवारी, पद्धतीचे विषय आणि जातीचा दाखला मूळ कागद समोर ठेवूनच भरावा. जिल्हा परिषदांच्या जागा मुलाखतीशिवाय भरल्या जातात. खासगी अनुदानित संस्थांना मुलाखत घेण्याचा पर्याय आहे. 2024 च्या फेरीत 21,678 जागांची जाहिरात आली आणि फेब्रुवारीत 11,085 उमेदवारांची शिफारस झाली. विनाअनुदानित इंग्रजी शाळा मात्र भरती स्वतःच करतात. तिथे पगार संस्था ठरवते, त्यामुळे आकडा लेखी मागून घेतलेला बरा.

जिल्हा परिषदेत निवड झाली तरी पहिल्या दिवसापासून पूर्ण पगार सुरू होत नाही. तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून मानधनावर काम करावं लागतं. 1 जानेवारी 2023 पासून हे मानधन प्राथमिकला 16,000, माध्यमिकला 18,000 आणि उच्च माध्यमिकला 20,000 रुपये आहे. त्याआधी प्राथमिकला ते 6,000 होतं. तीन वर्षं समाधानकारक गेली की नियमित वेतनश्रेणी लागू होते.

आणि सिन्नरचा उमेदवार नाशिक जिल्हा परिषदेत लागला म्हणून त्याला सिन्नरचीच शाळा मिळेल असं नाही. जिल्ह्यात 15 तालुके आहेत. पहिली शाळा पेठ किंवा सुरगाण्याच्या पाड्यावरचीही असू शकते, दोन शिक्षकांची आणि चार इयत्तांची.