बुलेटचे इंजिन : उघडतानाच वाचता येणारा दस्तऐवज

जुन्या मोटारसायकलीचे इंजिन पुन्हा बांधणे हे मिस्त्रीचे काम. ते उघडणे मात्र इतिहासाच्या अभ्यासकाचेही काम आहे, कारण नव्याने जोडणी झाली की आतला बहुतेक पुरावा नाहीसा होतो. या धाग्यात १९५० च्या दशकातील ३५० सीसी बुलेट उघडून पाहू.

पार्श्वभूमी थोडक्यात. रॉयल एन्फिल्ड ही इंग्लंडातील रेडिचची कंपनी. भारतीय सैन्याने गस्तीसाठी बुलेट पसंत केली आणि १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीतून एन्फिल्ड इंडिया उभी राहिली. आरंभी सुटे भाग रेडिचहून येत व मद्रासेत जोडले जात; पुढे ते येथेच घडू लागले. १९६७ मध्ये रेडिचचा कारखाना बंद पडला आणि १९७७ पासून मद्रासची बुलेट थेट ब्रिटनला निर्यात होऊ लागली.

इंजिनाला पाना लावण्यापूर्वी छायाचित्रे घ्यावीत, क्रँककेसवर ठोकलेला क्रमांक टिपून घ्यावा. मूळ अमल कार्ब्युरेटरच्या जागी मिककार्ब दिसला, तर तो पुढच्या काळातला समजावा.

मग पहिला नट. येथे मिलिमीटरचा पाना नीट बसत नाही. आटे ब्रिटिश, इंची मापाचे. १९५६ च्या कायद्याने देशाने मेट्रिक मापे स्वीकारली, पण बुलेटच्या अंगातली इंची मापे त्यानंतरही दीर्घकाळ टिकली. कोपरे झिजून गोल झालेला नट दिसला, की कोणीतरी मेट्रिक पाना ठोकून बसवला होता असा तर्क करावा. आधीच्या मिस्त्रीची ती सहीच म्हणा ना!

या इंजिनाचे तेल वेगळ्या टाकीत नसते, क्रँककेसच्याच एका कप्प्यात असते. एक पंप ते बिग एंडकडे ढकलतो, दुसरा खाली साचलेले परत आणतो. काढलेले तेल फेकून न देता फडक्यातून गाळावे. लोहचुंबकाला चिकटणारे कण पोलादाचे किंवा बिडाचे. न चिकटणारे चकचकीत कण बहुधा ॲल्युमिनियमचे वा बेअरिंगच्या मऊ धातूचे.

हेड उतरल्यावर खरी कथा सुरू होते. सिलिंडरचा व्यास ७० मिमी, पिस्टनची धाव ९० मिमी. कनेक्टिंग रॉड तिरका होऊन पिस्टनला पुढच्या-मागच्या भिंतीवर रेटतो, म्हणून भोक गोल न राहता किंचित लांबट होते. सर्वाधिक झीज वरच्या टोकाशी होते, कारण तेथे दाब मोठा आणि तेल कमी. म्हणून वर, मध्ये व खाली, प्रत्येक ठिकाणी आडवे-उभे असे दोनदा माप घ्यावे. सिलिंडरच्या अगदी वरच्या काठाला बोटाला कंगोरा लागला, तर जेथे रिंगा पोचत नाहीत ती ही न झिजलेली कड.

पिस्टनच्या माथ्यावरची काजळी हलक्या हाताने पुसावी. खाली ‘०२०’ असा आकडा सापडला, तर बोअर एकदा तरी मोठे केले गेले आहे: इंचाचा वीस सहस्रांश, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर. ‘०४०’ असेल तर गाडीने त्याहून मोठी चाकरी केली आहे.

बिग एंडला या इंजिनात रोलर नसून मोकळी फिरणारी बुश आहे. रॉड डावी-उजवीकडे थोडा सरकला तर घाबरू नये. वर-खाली हलला, तर मात्र बुश गेली.

आता एक तक्रार. हौशी मंडळी क्रँककेस वाळूच्या फवाऱ्याने घासून चकाचक करतात. त्याने ठोकलेले क्रमांक व ओतकामाच्या खुणा पुसट होतातच, शिवाय तेलाच्या बारीक वाटांत अडकलेला एखादा कण नवी बुश पहिल्याच प्रवासात खाऊन टाकतो. रॉकेल, ब्रश आणि सवड पुरेशी असते.

काढलेला पिस्टन भंगारात देऊ नये. कागदात गुंडाळून त्यावर इंजिन क्रमांक, घेतलेली मापे आणि उघडल्याची तारीख लिहून ठेवावी.