हद्द, कमाई आणि कर

कडा आणि नगर यांच्यामध्ये आज फक्त जिल्ह्याची हद्द आहे. १९४८ पूर्वी तिथे राज्याची हद्द होती. कडा निजामाच्या बीड जिल्ह्यात, तर नगर इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात. मग राहायचं एकीकडे आणि कमवायचं दुसरीकडे, तर कर कुणाला?

१९४० च्या दशकातल्या इंग्रजी कायद्यानुसार ब्रिटिश हद्दीतली कमाई करपात्र होती, कमावणारा कुठलाही असो. संस्थानातली कमाई मात्र ब्रिटिश हद्दीत आणली तरच. म्हणजे नगरच्या व्यापाऱ्याचा कड्यातला नफा कड्यातच राहिला, तर तो सुटला.

१ एप्रिल १९५० पासून हैदराबादलाही केंद्राचा प्राप्तिकर लागू झाला. न्यू जर्सीत राहून न्यूयॉर्क राज्यात नोकरी करणाऱ्याला, काम दोन्हीकडे असेल, तर दिवस मोजून पगाराची वाटणी करावी लागते. कड्याहून कर्नाटकात नोकरीला गेलेल्याला ती करावी लागत नाही.

राज्यांकडे व्यवसाय कर उरला. घटनेच्या कलम २७६ नुसार त्याची मर्यादा आज वर्षाला २५०० रुपये आहे. महाराष्ट्रानं तो १९७५ मध्ये रोजगार हमीसाठी लावला. मुंबईच्या पगारातून कापलेला पैसा दुष्काळी तालुक्यांतल्या कामांना मिळू लागला. जिथे काम मिळत नाही, त्या गावाचाही कमाईवर हक्क असतो, हे तेव्हा आपण कायद्यानं मान्य केलं. आजच्या कर-चर्चेत ते आपण विसरू नये.