व्यक्तिगत वाचनाचे ऐतिहासिक मूल्य

प्राचीन कथेचे व्यक्तिगत वाचन कोणी लिहून ठेवले, तर त्यास संशोधनात स्थान द्यावे काय? इरावती कर्वे यांचा ‘युगान्त’ (१९६७) या प्रश्नाच्या विचारास उपयुक्त ठरतो. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ साली आरंभिलेले महाभारताच्या चिकित्सित आवृत्तीचे कार्य १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्याच आवृत्तीचा आधार इरावतीबाईंनी घेतला. विदुर हाच युधिष्ठिराचा पिता असावा काय, अशी शंका त्यांनी उपस्थित केली. दोघांचाही धर्माशी असलेला संबंध आणि आश्रमवासिक पर्वात विदुराने योगबलाने युधिष्ठिराच्या देहात केलेला प्रवेश, हे संहितेतील पुरावे त्यांनी पुढे ठेवले. निष्कर्ष मात्र तर्क म्हणूनच मांडला.

म्हणूनच त्यांच्याशी साधार मतभेद करता येतो. आधार न सांगणारे वाचन केवळ अभिरुची व्यक्त करते. शिवाय असे लेखन स्वकाळाचाही पुरावा होय : विसाव्या शतकातील एका मानवशास्त्रज्ञ विदुषीने कुलसंबंधांच्या दृष्टीने महाभारत कसे वाचले, हे आज त्यातून कळते. अभ्यासकाने आपले वाचन अवश्य नोंदवावे. परंतु संहितेतील वचन आणि आपला तर्क यांमधील रेषा पुसू नये.