तिसरा सेल

शेवट आधी सांगते. बाळ वाचलं. त्याची अन्ननलिका आतून भाजली आणि भाजत भाजत श्वासनलिकेपर्यंत छिद्र पडलं. खालच्या वेळा फोनमधले फोटो, कॉलची यादी आणि केसपेपर समोर ठेवून लावल्या आहेत. त्या दिवशी घड्याळाकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

सकाळी ९.४०. साताऱ्यात आमच्या घरी गौरी जेवणाचा दिवस. मखराच्या पायऱ्यांवर प्लास्टिकच्या २४ पणत्या लावलेल्या. त्यातल्या तीन मंद झाल्या होत्या, धाकट्या दिराने त्यांचे सेल बदलले. पणतीच्या बुडाला झाकण होतं, स्क्रू नव्हता; नखाने उघडत होतं. काढलेले तीन चकतीसारखे सेल त्याने समईशेजारी, पाटाच्या कडेला ठेवले. पाट जमिनीपासून दोन इंच उंच. बाळ १५ महिन्यांचं, नुकतंच चालायला लागलेलं.

सकाळी १०.५२. जाऊबाईंनी गौरींच्या मुखवट्यांचा व्हिडिओ काढला. समईच्या उजवीकडे तीन चकत्या स्पष्ट दिसतात.

सकाळी ११.०३. माझा फोटो. शेवंतीची वेणी नीट यावी म्हणून मी तो दोनदा काढला. दोन्हींत चकत्या दोन. खालच्या कोपऱ्यात बाळाची टाच आली आहे, वाळ्यासकट.

सकाळी ११.०५. जोराचा ठसका, मग रडणं. मी पिठाच्या हाताने धावले. तोंडात बोट घालून पाहिलं, काही लागलं नाही. सासूबाईंनी वाटीने पाणी पाजलं. ते गिळलं. "पाणी उतरलं, म्हणजे काही अडकलेलं नाही," असं सगळ्यांचंच मत पडलं. मीही मान डोलावली.

पाणी उतरतंच. चपटी चकती अन्ननलिकेत उभी अडकते आणि तिच्या दोन्ही बाजूंनी वाट राहते. आमच्या बाळाच्या घशाखाली, गळ्याच्या हाडांच्या पातळीवर, २० मिलिमीटर रुंद आणि ३.२ मिलिमीटर जाड लिथियमचा सेल उभा होता.

सकाळी ११.२०. बाळ कडेवर शांत. आत काम सुरू झालं होतं. हा सेल फुटून, गळून इजा करतो असं मला वाटायचं. तसं नाही. ओल्या पेशींना टेकला की सेलमधून वीज वाहू लागते आणि ऋण बाजूला, लाळेतल्या पाण्यापासून, दाहक क्षार तयार होतो. तो मांस विरघळवतो. नवा सेल ३ व्होल्टचा असतो. दिवा मंद झाला म्हणून काढलेल्या सेलमध्येही एवढ्या कामापुरता जोर उरलेला असतो. आमच्या घरात त्याला 'संपलेला' म्हणत होते.

दुपारी १२.३०. आरती. बाळाची लाळ थांबत नव्हती. लाळेरं दोनदा बदललं. "दाढ येतेय," जाऊबाई म्हणाल्या. त्यांची दोन मुलं मोठी झालेली. मला ते पटलं.

दुपारी १.०५. ठसक्याला दोन तास झाले. खोल भाजण्यासाठी दोन तास पुरतात, हे आज मला पाठ आहे. तेव्हा मी पुरणपोळीवर तूप वाढत होते.

पंचामृतासाठी आणलेली मधाची बाटली गौरींपुढेच होती, पाटापासून दोन हातांवर. सेल गिळून १२ तास व्हायच्या आत, मूल एक वर्षावरचं असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर दर १० मिनिटांनी दोन चमचे म्हणजे १० मिलिलीटर मध, जास्तीत जास्त सहा वेळा, द्यायला तज्ज्ञ सांगतात. मध सेलभोवती थर धरतो, क्षाराचा जोर कमी करतो. तो दवाखान्याच्या वाटेवर द्यायचा असतो. त्यासाठी घरी थांबायचं नसतं, आणि दुसरं काही खायला द्यायचं नाही, ओकारी काढायची नाही. इतकी सोपी गोष्ट घरातल्या अकरा मोठ्या माणसांपैकी एकालाही ठाऊक नव्हती.

दुपारी २.१५. मऊ वरणभाताचा पहिला घास बाळाने जिभेने बाहेर ढकलला. दुसरा घास घेऊन ओकलं. पांढऱ्या फेसात तपकिरी, चहाच्या चोथ्यासारखे कण होते. मी ते पाहिले. हळदीकुंकवाला बायका येऊ लागल्या होत्या. मी फरशी पुसली आणि फडकं मोरीत टाकलं.

दुपारी ४.००. झोपेत श्वासाला बारीक घरघर. बाळ दर पाच-दहा मिनिटांनी दचकून उठे. अंगात ताप नव्हता, म्हणून थांबले.

संध्याकाळी ५.२०. आमचे नेहमीचे डॉक्टर. त्यांनी घसा पाहिला, लाल होता. छाती तपासली. मग विचारलं, "काही गिळलं-बिळलं नाही ना?"

मी म्हणाले, "नाही हो, समोरच तर होता."

सर्दीचं औषध घेऊन आम्ही परत आलो. डॉक्टरांनी योग्य प्रश्न विचारला होता. मला खात्री वाटली आणि मी ती माहिती असल्यासारखी सांगितली. "माहीत नाही" एवढं जरी म्हणाले असते तरी त्यांनी एक्स-रे लिहून दिला असता. चिठ्ठी लिहायला घेतली होती तो कागद तिथेच होता.

संध्याकाळी ७.४०. दीर पणत्या लावायला बसला. "वहिनी, इथे तीन सेल होते. दोनच आहेत."

७.४० ते ७.५१. आम्ही सतरंजी झटकली. पाट उचलला. निर्माल्याची परडी उलटी केली. अकरा मिनिटं सगळं घर जमिनीवर शोधत होतं. ७.५१ला मी बाळाकडे पाहिलं.

रात्री ८.२५. एक्स-रे. गळ्याखाली पांढरा गोल. तंत्रज्ञ म्हणाला, "नाणं आहे." ड्युटीवरच्या डॉक्टरांनी चित्र मोठं केलं. गोलाच्या कडेच्या आत आणखी एक कडा होती. नाण्याला ती नसते. बाजूने काढलेल्या फोटोत एक बारीक पायरी दिसली. त्यांनी लगेच पुण्याला फोन लावला. एवढ्या लहान मुलाला भूल देऊन दुर्बिणीने सेल काढायची सोय त्या रात्री गावात मिळेना.

रात्री ९.०५. रुग्णवाहिका निघाली. ११० किलोमीटर. खंबाटकी घाटात गणपतीची वाहनं, पुढे ट्रक. बाळ माझ्या मांडीवर उभं धरलेलं, कारण आडवं केलं की गुदमरायचं.

रात्री ११.२५. पुणे. सहीचे कागद.

रात्री १२.३८. सेल बाहेर. ठसक्यापासून १३ तास ३३ मिनिटं. डॉक्टरांनी तो स्टीलच्या ट्रेमध्ये दाखवला. एका बाजूवरचं 'सीआर २०३२' वाचता येत होतं. दुसरी, ऋण बाजू काळी पडली होती. ती पुढे, श्वासनलिकेकडे होती. "सेल निघाला तरी भाजणं आज थांबत नाही," ते म्हणाले. "पुढचे दिवस पाहायचे."

पहाटे ३.१०. अतिदक्षता विभागाच्या बाहेर फोनवर वाचलं. टेक्सासमध्ये दीड वर्षाच्या मुलीने रिमोटमधला असाच सेल गिळला होता. आधी तिला क्रूप, म्हणजे श्वासमार्गाची सूज, झाल्याचं समजलं गेलं. डिसेंबर २०२०मध्ये ती गेली. तिच्या आईने पाठपुरावा केला, आणि २०२२मध्ये अमेरिकेत तिच्या नावाने 'रीसेस लॉ' झाला: अशा सेलचा कप्पा अवजाराशिवाय, किंवा एकाच वेळी दोन वेगवेगळ्या हालचाली केल्याशिवाय, उघडता कामा नये. आमच्या पणतीचं झाकण नखाने उघडत होतं.

नववा दिवस. द्रव पाजून काढलेल्या एक्स-रेमध्ये तो द्रव अन्ननलिकेला पडलेल्या छिद्रातून श्वासनलिकेत उतरताना दिसला. तोंडाने खाणंपिणं बंद. नळी.

अकरावा आठवडा. छिद्र आपोआप भरलं. व्रण आकसून अन्ननलिका अरुंद झाली. त्यानंतर ती भूल देऊन सात वेळा रुंद करावी लागली. बाळ आता तीन वर्षांचं आहे. पोळी दुधात कुस्करून खातं. त्याच्या प्रत्येक घासाला मी अजून मनात पाचपर्यंत मोजते.

यंदा गौरींपुढे दिवे लावाल तेव्हा आधी झाकणाचा स्क्रू पाहा. काढलेला सेल दोन्ही बाजूंनी चिकटपट्टीत गुंडाळा आणि मुलाचा हात पोचणार नाही तिथे ठेवा. आणि मोजणीत एक कमी भरला, तर सतरंजी झटकत बसू नका. मुलाला घेऊन आधी एक्स-रेला जा.