नॅलोक्सोन: औषध होतं, पण घरात नव्हतं

पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये ‘मुक्तांगण’ सुरू केलं, ते गर्दच्या विळख्यामुळे. गर्द, अफू, मॉर्फिन यांच्या अतिमात्रेने बंद पडणारा श्वास पुन्हा सुरू करणारं नॅलोक्सोन तर १९६१ मध्येच सापडलं होतं. पण ते असायचं रुग्णालयात आणि श्वास थांबायचा घरात. शोधकर्त्यांपैकी एक जॅक फिशमन. त्यांचा सावत्र मुलगाच २००३ मध्ये हेरॉइनच्या अतिमात्रेने गेला. अखेर २०१४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने हे औषध घरच्यांच्या हाती देण्याची शिफारस केली.

‘औषध घरात ठेवलं तर व्यसनाला मोकळीकच मिळेल,’ असं तुम्हाला वाटेल. पण नॅलोक्सोनने नशा येत नाही. व्यसनमुक्तीनंतर शरीराची सवय मोडलेली असते, त्यामुळे जुनीच मात्रा जीव घेऊ शकते. मुळशीच्या आतल्या गावातून रुग्णालय गाठेपर्यंत वेळ जातो. म्हणून डॉक्टरांना आधीच विचारा, ते कसं द्यायचं हे शिकून घ्या.

माणूस हाक मारून उठत नाही, श्वास मंदावलाय, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या झाल्यात? लगेच १०८ ला फोन करा. नॅलोक्सोनचा परिणाम लवकर ओसरतो, त्यामुळे रुग्णालयात न्यायलाच हवं.

कर्करोगाच्या वेदनेसाठी दिलेलं मॉर्फिन मात्र भीतीपोटी स्वतःहून बंद करू नका.